माझ्याच लॅपटॉपवरचं कुलूप

हसायचं असेल तर आधी कपातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी अशी काही माती खाल्ली आहे की चाकणच्या रस्त्याला लागलो की अजून कान गरम होतात!

चाकणला आमच्या सलीमभाईंचं यंत्रांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. मापाला इतका पक्का माणूस की केसाइतका फरक दिसला तरी तो जॉब, म्हणजे बनवलेला भाग, बाजूला, आणि त्याला लाल चिठ्ठी: 'रिजेक्ट'. एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडर यादीत, म्हणजे माल पुरवणाऱ्यांत, नाव लागावं म्हणून दोन वर्षं खेटे घालत होते. शेवटी परचेसच्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, वेबसाइट दाखवा, पण सुरक्षित हवी, कुलपाचं चिन्ह असलेली.

मी राहतो मारुंजीत, नोकरी आयटीत, म्हणून सलीमभाई मला 'साहेब' म्हणतात. म्हटलं, "सलीमभाई, सोडा माझ्यावर. फुकटात करून देतो!"

त्या कुलपासाठी डिजिटल सर्टिफिकेट लागतं, हीच ती खरी वेबसाइट असं सांगणारं. ते फुकट देणारी एक स्वयंसेवक मंडळी मला सापडली. पण काय शिस्त हो त्यांची! राजगुरुनगरला चहाच्या टपरीवर दोघांनी समोरासमोर बसून माझं आधार तपासलं, पॅन तपासलं, चेहरा फोटोशी ताडून पाहिला. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही एवढी चौकशी केली नव्हती!

सर्टिफिकेट बसवलं, तर कुलूप येईना. सूचनेत लिहिलं होतं, या मंडळीवर विश्वास ठेवायला आधी आपल्या ब्राउझरला सांगा. सांगितलं. आलं कुलूप! मग सलीमभाईंच्या मोबाइललाही सांगितलं. तिथेही आलं!

इथे तरी शंका यायला हवी होती ना? छे! सलीमभाईंच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "साइट उघडत न्हाई." मी म्हटलं, "तुमचा मोबाइल जुना आहे." दुसऱ्याला म्हटलं, नेट खराब आहे. तिसऱ्याला नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने घेतला हो!

ठरल्या दिवशी आम्ही कंपनीत. समोर पाच जण. मॅडमनी आपल्या कंप्युटरवर पत्ता टाकला आणि भिंतीवरच्या पडद्यावर हा मोठा लाल त्रिकोण! 'सावधान! या साइटवरून चोर तुमची माहिती पळवू शकतात.'

सलीमभाई खुर्चीतून उठलेच. "चोर? साहेब, हे माझ्या दुकानाबद्दल लिवलंय?"

"मॅडम, तुमच्या कंप्युटरमध्ये बिघाड आहे," मी म्हणालो. हो, तेव्हाही हेच म्हणालो!

मॅडमनी स्वतःचा मोबाइल काढला. लाल. शेजारच्या साहेबांचा. लाल. पाच माणसं, पाच लाल पडदे.

"ही उघडते तरी कुणाकडे?"

"माझ्याकडे. आणि सलीमभाईंकडे."

"फक्त?"

"आमच्या ब्राउझरना मी सांगितलंय ना... त्या मंडळीवर विश्वास ठेवा म्हणून."

सलीमभाई आठवी शिकलेले, पण सगळं त्यांनाच कळलं. "म्हंजे साहेब, माप तपासायचा गेज आपणच घरी बनवायचा, त्यानंच जॉब मापायचा, आन् आपणच पास म्हणायचं? कंपनी मानती त्या लॅबचा दाखला न्हाई, तर गेज गेटातून आत येत न्हाई, राव!"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "यांना कळलंय. अर्धा तास देते."

मी दुसरं सर्टिफिकेट घेतलं, सगळे ब्राउझर आधीपासून मानतात असं. तेही फुकट! दहा मिनिटांत! "झालं," म्हणत लॅपटॉप पुढे केला.

सलीमभाईंनी तो हाताने बाजूला सारला. "ह्यो नगं. मॅडम, तुमच्या कंप्युटरवर बघा."

कुलूप आलं. यादीत नाव लागलं.

परतीच्या वाटेवर सलीमभाई खिडकीबाहेरच बघत बसले. वर्कशॉपवर मात्र चहा पाजला, माझी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. मला वाटलं, माफ केलं बिचाऱ्यांनी.

घरी बायकोने विचारलं, "अहो, बॅगेला ही लाल चिठ्ठी कसली?"

सलीमभाईंचं सुबक अक्षर होतं. 'जॉब: साहेब. दोष: स्वतःच मापलं, स्वतःच पास केलं. रिजेक्ट.'