नानांचा पंचा

गाडी माझी, डिझेल माझं. तरी सहलीत कुठे किती थांबायचं हे ठरवतो शेजारच्या नानांचा पंचा. मुक्कामाला पोचलो की नाना तो धुऊन वाळत घालतात. ओला कपडा गाडीत घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आजवरच्या सहली आमच्या जळगावच्याच आसपास; तिथल्या उन्हात चहा पिऊन होईतो पंचा खडखडीत वाळतो, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

यंदा कोकणात गेलो. हातगाडीवर केळी विकत दुकानापर्यंत आलेला माणूस मी. एका गावी एकच रात्र, यात कुणाचं ऐकत नाही. सकाळी सामान गाडीत टाकलं, तर नाना दोरीपाशी उभे.

"भाऊ, पंचा आजून वल्ला शे."

"नाना, नवा घेऊन देतो!"

"नवा बी धुवना पडी ना, भाऊ."

चरफडत सामान उतरवलं. दुसऱ्या सकाळी भांडायचंच ठरवून मागच्या अंगणात गेलो. नाना वाळलेला पंचा बादलीत बुडवत होते. शेजारी माझी बायको.

"नाना, आजचा दिवस तरी. समुद्र सोडवत नाही हो."

"फिकर नको करू, माय. आज बी वाळस नही."

मी पाय न वाजवता खोलीत परतलो. थोड्या वेळाने ती आली.

"अहो, पंचा काही वाळला नाही."

"वाळेल सावकाश," मी म्हणालो.

राग आला तो एवढ्याचाच, की एक दिवस तिने माझ्याकडे मागितलाच नाही. मागितला असता तर मी अर्धाच दिला असता, ते सोडा.