मथळा बदलला

आमच्या परभणीच्या कॉलेजात दाखले छापायला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला जवळच्या खेड्यातून एक जण एसटीनं यायचा. प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. त्यात काय बदललं याचा कागद तो दर वेळी भिंतीला लावायचा. पुढं त्यानं अशी सोय केली की बदल झाला की कॉम्प्युटरच तो कागद छापायचा.

"माणूस चुका झाकतो, मशीन न्हाई झाकत," तो म्हणायचा. 'कालची चूक सुधारली' असा कागदही तो शांतपणे चिकटवायचा.

मग विद्यापीठाचं नाव बदललं. त्या नावाच्या भांडणात त्याचं घर जाळलं होतं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. त्यानं कधी विषय काढला नव्हता. दाखल्यावर नवं नाव घातल्यावर कॉम्प्युटरनं छापलं, 'मथळा बदलला.'

त्यानं तो कागद बाजूला ठेवला आणि टाइपरायटर ओढला.

"छापलंय की," मी म्हणालो.

"हाय की. पर हे मला लिवायचंय."

त्यानं एकेक अक्षर बघत विद्यापीठाचं पूर्ण नवं नाव टाइप केलं. भिंतीशी जाऊन त्यानं कागदाचं एक टोक दाबून धरलं. मी उठून दुसरं टोक धरलं.