प्रभू, तू त्याला सांग

आमच्या बाबांचं आणि थोरल्या काकांचं भांडण चर्चने इतकी वर्षं अगदी जपून सांभाळलं, असं मी म्हटलं की आई रागावते. पण खोटं काय आहे त्यात? चर्च अलिबागला आणि आम्ही मुरुडला. रविवारी सकाळच्या एसटीत काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, बाबा पार शेवटच्या. चर्चमध्ये काका खिडकीच्या रांगेत, बाबा भिंतीच्या, आणि दोघांच्या मधे भली रुंद वाट. दोघं गीत एकच गायचे, प्रभुभोजनाला एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचे, आणि परतीच्या एसटीत पुन्हा आपापल्या टोकाला. एकाच आळीत तीन घरं सोडून राहणारे सख्खे भाऊ हे! मोठ्या चर्चमध्ये असं वर्षानुवर्षं खपून जातं. बाकं भरपूर असतात आणि कोणी कोणाला विचारत नाही.

भांडण आजीवरून झालं होतं. आजी आमच्याकडे असायची. काका तेव्हा खाडीपलीकडे, श्रीवर्धनच्या बाजूला शाळेत मास्तर होते. आजी आजारी पडली आणि चार दिवसांत गेली. ती गेल्याचं कळल्यावर काका दिघीहून लाँच पकडून आगरदांड्याला उतरले, तिथून मुरुडला पोचले, तोवर कबरीवर माती पडून गेली होती. त्यांनी बाबांना एकच विचारलं, "मला आधी का नाही कळवलंस?" बाबा म्हणाले, "आईला भेटायला बोलावणं लागतं का?" झालं. त्यानंतर बोलणं बंद. काका निवृत्त होऊन आळीत राहायला आले, काकू गेल्या, बाबांचे केस पिकले, तरी बंद ते बंदच.

मग आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, घाटावरचे, सदा हसतमुख. मुरुडच्या म्हाताऱ्या माणसांचे एसटीत होणारे हाल त्यांना बघवेनात. ते म्हणाले, दर बुधवारी संध्याकाळी तुमच्यातच कोणाच्या तरी घरी जमा, गीत गा, वचन वाचा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी चर्चला या. मंडळीत लगेच कुजबुज सुरू झाली. बाबांनी तर निकालच दिला, "घरात चहा होतो, उपासना होत नाही. अशानं चर्चला कुलूप लागेल."

पाळकसाहेबांना आमच्या घरचं भांडण ठाऊक नव्हतं. त्यांनी भोळेपणानं मुरुडच्या पाच घरांना एकत्र केलं आणि पहिली सभा माझ्या घरी ठेवली. माझं सासर गावातच, पण बाजाराकडे. मी बाबांना बोलावलं, काकांनाही बोलावलं, आणि एकाला दुसऱ्याचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांपैकी एकही फिरकला नसता. बाबा आले कारण लेकीचं घर. काका आले कारण पुतणीवर त्यांचा भारी जीव. दोघांचे गुडघे दुखरे, त्यामुळे चटईवर बसणं शक्य नाही. आणि माझ्याकडे धड खुर्च्या दोनच, त्याही एकमेकींना चिकटून भिंतीशी. काय करता! बसले बापडे. एकानं दाराकडे तोंड केलं, दुसऱ्यानं कपाटाकडे.

पाळकसाहेब म्हणाले, "आता डोळे मिटू या. ज्याला जसं सुचेल तसं, आपल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करा." आमच्या चर्चमध्ये अशी सवय नव्हती. तिथं पाळक बोलणार, आम्ही ऐकणार. पहिला आवाज आला तो बाबांचा, "हे प्रभू, ज्यांना स्वतःच्या आईच्या आजारपणात यायला सवड झाली नाही, त्यांनाही तू क्षमा कर."

लगेच शेजारच्या खुर्चीतून काका, अगदी मास्तरी आवाजात, "हे स्वर्गीय पित्या, ज्यांनी मुद्दाम कळवलं नाही, त्यांना तू सद्बुद्धी दे."

पाळकसाहेब डोळे मिटून दोघांनाही "होय प्रभू, होय प्रभू" करत होते!

निघताना आमच्यातल्या म्हाताऱ्या नर्सबाई दारात माझा हात धरून म्हणाल्या, "व्हय गं पोरी, ही प्रार्थना हाय का पंचायत? देवाला मदी बसवून भांडतायत दोगं." मला हसावं की रडावं कळेना. मी दुसऱ्या दिवशी तरातरा बाबांकडे गेले आणि म्हटलं, "बाबा, चार लोकांत लाज कशी वाटली नाही तुम्हाला?" बाबा शांतपणे नारळ सोलत होते. म्हणाले, "मी देवाशी बोलत होतो. तुला कोणी ऐकायला सांगितलं?"

वाटलं होतं, पुढच्या बुधवारी दोघंही येणार नाहीत. पण दोघंही वेळेच्या आधी हजर. देवापुढे मांडायचं बरंच शिल्लक असावं. पहिले काही आठवडे नुसती उणीदुणी निघाली. मग हळूहळू सूर उतरला, आणि एका बुधवारी बाबा म्हणाले, "प्रभू, आमच्या कुंपणालगत काही लोकांच्या वाटणीचे माड आहेत, त्यांच्या झावळ्या आमच्या कौलांवर पडतात, तेवढं बघ." काकांनी उत्तर दिलं, "प्रभू, नारळ उतरवणारा शनिवारी येतोय, तू त्याला सांग." बाबांना ताप येऊन गेला तेव्हा काकांनी प्रार्थना केली, "प्रभू, तू त्याला सांग, या वयात डोकं उघडं टाकून पावसात हिंडू नये." मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबलं होतं. आळीत समोरासमोर आले तरी दोघं अजूनही बघत नसत. जे काय बोलायचं ते बुधवारी, डोळे मिटून, देवामार्फत.

आता आमच्या गावात बुधवारच्या सभेचे दोन गट झालेत. तरुण मुलं गिटार घेऊन येतात, गाण्याचे शब्द मोबाईलवर असतात, प्रार्थना सगळ्यांना छान जमते. चर्चला कुलूपबिलूप काही लागलं नाही. उलट महिन्याच्या त्या रविवारी बाकं कमी पडतात, कारण माणसं आता ओळखीची होऊन येतात. सगळं चांगलंच आहे. पण खरं सांगू? मला त्या पहिल्या वर्षाची फार आठवण येते. गवती चहाचं पातेलं, दाराबाहेर चपलांचा ढीग, सात-आठ म्हातारी माणसं आणि भिंतीशी त्या दोन खुर्च्या. तसे बुधवार पुन्हा मिळायचे नाहीत.

त्या वर्षाच्या शेवटी एकदा पाळकसाहेबांनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी प्रार्थना करू या? काकांची पाळी आली. ते म्हणाले, "पुढल्या गुरुवारी मुलगा गाडी घेऊन येतोय. मला पनवेलला नेणार. आता तिकडेच. एकट्यानं होत नाही." सगळे हळहळले. बाबांनी त्या दिवशी प्रार्थना केली नाही. पहिल्यांदाच. कपातला चहाही तसाच ठेवून उठले.

रात्री मी माहेरी गेले तेव्हा भाकऱ्या थापता थापता आई मला म्हणाली, "हे दोघं असेच न बोलता जाणार बघ. एकाच्या मातीला दुसरा उशिराच पोचणार." तो आठवडाभर मी बाबांच्या मागे लागले. चिडले, हात जोडले, "बाबा, तीन घरं चालत जायला तुमचं काय जातं हो?" ते दर वेळी एवढंच म्हणायचे, "बुधवार आहे ना."

बुधवार आला. नर्सबाईंनी काकांसाठी नारळाच्या वड्या आणल्या होत्या. गीत झालं, वचन झालं, आम्ही डोळे मिटले. बाबांनी घसा खाकरला. "हे प्रभू, तू त्याला सांग..." आणि थांबले. इतका वेळ थांबले की मला वाटलं, विसरले. खुर्ची करकरली. मग बाबा म्हणाले, "दादा."

मी डोळे उघडले. सगळ्यांनीच उघडले होते. बाबा स्वतःच्या पावलांकडे बघत बोलत होते.

"दादा, ते चारही दिवस आई तुझंच नाव घेत होती. मी तिला चमच्यानं पाणी पाजायचो, अंग पुसायचो, आणि ती मला विचारायची, मोठा आला का रे? आगरदांड्याच्या लाँचला जोडून जाणारी एसटी रोज दारावरून जात होती. ड्रायव्हरकडे तोंडी निरोप दिला असता तरी तू दुसऱ्या दिवशी आला असतास. मी दिला नाही. मला वाटायचं, एकदा तरी माझं नाव घेईल. एकदाच. मग लगेच तुला बोलावू." बाबांनी बाहीनं डोळे पुसले. "नाही घेतलं तिनं."

माझ्या बाबांना रडताना मी तेव्हा प्रथम बघितलं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांना उठून पोटाशी धरावंसंही वाटलं. पाळकसाहेब काही बोलायला गेले, नर्सबाईंनी त्यांना हातानंच गप्प केलं.

मी मनाची तयारी केली, आता काका उठून जाणार. पण ते उठले नाहीत. चष्मा काढून हळूच म्हणाले, "माझं नाव घेत होती? मी आजवर समजत होतो की तिला माझी आठवणच झाली नाही. म्हणून कोणी बोलावलं नाही."

काकांनी आपली खुर्ची जरा वळवली, बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आणखी काय म्हणायची? सांग मला. पहिल्या दिवसापासून सांग."