मांडवात बसलेलं चित्र

त्या तपासाची आठवण निघाली, की आजही आधी माझा पंचनामाच डोळ्यांसमोर येतो. तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या सरकारी बंगल्यातलं चित्र चोरीला गेलं होतं आणि मी मोठ्या थाटात, पंचांच्या सह्या घेऊन, भलत्याच खोलीतल्या रिकाम्या खिळ्याचा पंचनामा केला होता.

चित्र गेल्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. तापीचा काठ, धुणं आपटणारे, जाळं विणणारे, आणि बैलांसकट गाडी पलीकडे नेणारी नाव. कलेक्टरसाहेबांचं ते आवडतं, आणि साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाला येणार होते. तोवर सापडलं नाही, तर बंगल्याच्या म्हाताऱ्या चौकीदाराची नोकरी जाणार आणि वर कोठडी मिळणार, हे ठरलेलंच.

खबऱ्या सांगत आला, की चौकीदाराने घोंगडीत गुंडाळून काहीतरी भोईवाड्यात पोचवलं. त्याला ठाण्यात आणलं. दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं. तो एवढंच म्हणाला, "सायेब, सकाय परत येई. आज इचारू नका."

चोर नाकबूल जातो. हा मुदत मागत होता. मला ते खटकलं.

हवालदाराला घेऊन भोईवाड्यात गेलो, तर तिथे नावाड्याच्या घरी लग्न. मांडवात, देवकाशेजारी, तांदळाच्या राशीवर आमचा मुद्देमाल टेकवलेला, काचेवर हळदकुंकू. नवरदेवाच्या आजीने चित्रातल्या वल्हेकऱ्यावर बोट ठेवलं.

"हाऊ मन्हा सासरा शे. देवकमा बसेल शे, बापा. लगीन लागू दे, मंग लई जा."

लग्नात पितरांना बोलावतात आणि देवक एकदा बसलं की लग्न लागेपर्यंत हलवत नाहीत. चौकीदाराने तोंड उघडलं असतं, तर आम्ही ते उचललंच असतं. हवालदार पुढे सरसावलाही होता. मी त्याला मागे ओढलं, बूट काढले आणि मुद्देमालावर पहारा म्हणून मांडवात बसलो. त्या पहाऱ्यात दोनदा जेवलो.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं, देवक उठलं, आजीने पदराने काच पुसून दिली. रात्रीच चित्र बंगल्यात परत टांगलं आणि ठाण्यात येऊन चौकीदाराला सोडलं. सकाळी साहेबांनी चित्राकडे एकवार पाहिलं आणि ते न्याहारीला बसले. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या नोकरीत कोणी गप्प बसला, की हा काय लपवतोय याच्याआधी काय जपतोय ते बघायची सवय लागली.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोने विचारलं, आहेर काय केला? मी टोपी खुंटीला लावण्यात गुंतलो.

"उद्या त्या चौकीदाराच्याच हाती नवरीला खण पाठवते," ती म्हणाली. "त्याला पुन्हा वाटेत धरू नका म्हणजे झालं."