बरणीवरचा फोटो

आमच्या गावात कुणाला मोठं दुखणं आलं की माझ्या दुकानातल्या गल्ल्याशेजारी एक काचेची बरणी येते. बरणीवर आजाऱ्याचा फोटो, खाली नाव आणि शनिवारच्या जेवणाची वेळ. लोक येताजाता सुटे पैसे टाकतात, शनिवारी चर्चच्या तळघरात जेवायला येतात, ताटाचे पैसे देतात आणि सगळं त्या घरी पोचतं. हॉस्पिटलचं बिल त्यात काय फिटणार? पण माणसाला जरा धीर येतो.

या जेवणांचा घेवडा शिजवायचा माझ्या धाकट्या बहिणीचा, क्लोडेटचा नवरा, रेआल तिबोदो. चर्चच्या मागे त्यानं स्वतः दगड लावून खड्डा बांधला होता. शुक्रवारी त्यात मेपलची लाकडं जाळायची, निखारे पडले की बिडाची मोठाली भांडी आत उतरवायची, वर माती लोटायची. घेवडा, काकवी, कांदा आणि खारवलेलं डुकराचं मांस रात्रभर जमिनीत शिजायचं. खड्ड्याला दुसऱ्या कुणी फावडं लावलेलं त्याला खपायचं नाही. सकाळी कॉफी घ्यायला आला की उरलेलं सुटं न मोजता बरणीत टाकायचा. बरणीवर कुणाचा फोटो आहे हेसुद्धा बघायचा नाही.

मग कागदाची गिरणी बंद पडली. रेआल तिथल्या सर्वांत मोठ्या यंत्रावरचा मुख्य कारागीर, पोरं त्याला बघून टोपी काढायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? पगार गेला आणि पगाराबरोबर गिरणीनं दिलेला आजारपणाचा विमाही गेला. घराचे हप्ते तेवढे चालू राहिले. हिवाळ्यात लोकांच्या दारातला बर्फ उपसायचा, इतर वेळी लाकडं फोडायची. क्लोडेट मोटेलात चादरी बदलायला जाऊ लागली.

माणूस डोळ्यांदेखत खंगत गेला. खांदे उतरले, झोप उडाली, डोकं सारखं ठणकायचं. पूर्वी त्याच्या थट्टेनं दुकान दणाणायचं, आता कुत्रं भुंकलं तरी त्याच्यावर खेकसायचा. एका सकाळी मी म्हटलं, "आरशात बघितलंस का? टोमॅटो झालाय तोंडाचा."

"मग ठेव की विकायला. तुझ्याकडचे सगळे मऊ पडलेत."

"रक्तदाबाच्या गोळ्या घेतोस ना?"

"घेतो. जेवण असतं त्या शुक्रवारी आणि शनिवारी घेतो."

मी हसले. मला वाटलं, जुना रेआल परत आला. पुढं क्लोडेटकडून कळलं की थट्टा नव्हतीच. गोळ्या महाग पडतात म्हणून यानं त्या राखून ठेवल्या होत्या, भांडी उचलताना चारचौघांत गरगरायला नको म्हणून. बाकीचे दिवस तसेच ढकलायचे. असला हिशेब करणारा माणूस माझ्याच घरात निघावा! माझं डोकं फिरलं.

"नदीपलीकडच्या दवाखान्यात कमी पैशांत बघतात. उद्या जा," मी त्याला सुनावलं.

"तिथल्या बाकावर माझ्या हाताखालची पोरं बसलेली असतात. त्यांच्यात जाऊन बसू?"

"बस की! ती काय चावतात?"

त्यानं कॉफी घेतली, सुटं बरणीत टाकलं आणि गेला. त्या वेळी बरणीवर गावातल्या ड्युबे कुटुंबातल्या लहान मुलीचा फोटो होता. तिच्या मूत्रपिंडाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

मी चर्चमधल्या बायकांशी बोलले. ड्युबेंच्या मुलीचं जेवण झालं की पुढचं रेआलचं ठेवायचं, असं ठरलं. हे त्याला सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. गुरुवारी तो आला तेव्हा सांगून टाकलं. कप त्यानं असा आपटला की कॉफी गल्ल्यावर सांडली.

"माझा फोटो त्या बरणीवर लागला, तर या दुकानाची पायरी चढणार नाही. सांगून ठेवतो."

"जन्मभर गावाला रांधून घातलंस. तुझ्या पाळीला गावानं काय हात बांधून बसायचं?"

"मी वाढतो, महामाये. मला वाढलेलं चालत नाही."

"मरशील अशानं!"

"मग मेल्यावर लाव फोटो. तेव्हा काही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यावर गेला. क्लोडेट सोबत होती. निखारे छान पडले, भांडी उतरली, माती लोटायला त्यानं फावडं उचललं आणि तसाच मातीवर कलंडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गोळ्यांची बाटली त्याच्या गाडीत सापडली. ती रिकामी होती. बाटली कधीची संपली होती, हे त्यानं बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

उरलेली माती त्या मुलीच्या बापानं, ड्युबेनं लोटली. शनिवारी रेआल हॉस्पिटलात नळ्यांत पडलेला, आणि त्याचा घेवडा आम्ही तळघरात वाढत होतो. अर्धा कच्चा राहिला होता, कारण खड्डा नीट झाकला गेला नव्हता. सगळ्यांना कळलं, पण ताटात कुणी काही टाकलं नाही. ड्युबेची बायको मुलीला मांडीवर घेऊन रडत रडत जेवली.

रेआल वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी त्याचं आधीचं बोलणं मानलं नाही, बरणी मांडली. फोटो गिरणीच्या सहलीतला होता, हातात फावडं, तोंडभर हसू. पुढच्या जेवणाचा घेवडा कारखान्यातून आलेल्या डब्यांतला होता. तो खड्डा आता कुणी उकरत नाही.

बर्फ वितळल्यावर क्लोडेट त्याला दुकानात घेऊन आली. एका हातात काठी, पाय फरपटत. मला वाटलं, बरणी बघून आकांत करील, डाव्या हातानं फोडील. फोडली असती तर मला बरंच वाटलं असतं. काठी क्लोडेटकडे देऊन तो गल्ल्याशी टेकून उभा राहिला आणि फोटोकडे बघत राहिला. मी कॉफी ओतली. पैसे नको म्हटलं तर त्यानं अशी नजर टाकली की मी निमूट नोट घेतली आणि सुटं गल्ल्यावर ठेवलं.

त्यानं डाव्या हातानं बरणी हळूहळू फिरवली. फोटो भिंतीकडे गेला. मग गल्ल्यावरचं सुटं न मोजता उचलून त्यानं बरणीत टाकलं आणि क्लोडेटचा दंड धरून दाराकडे वळला.