आगीशी वैर धरलेल्या मोठ्या बाई

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आगीशी जन्माचं वैर धरलेली बाई एकच होती, आणि नेमकी ती माझी नणंद निघाली. बोरी अरबच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. सारं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची नि माझी पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली, आणि मोठ्या बाई मांडववाल्याला खडसावताहेत, "एकच वाट ठेवली काहून बावा? येवढी मानसं निंगतीन कुठून?" त्यांनी मागची कनात सोडायला लावली, वारा आत घुसला, अंतरपाट उडाला आणि शेवटच्या 'सावधान'च्या आधीच मी नवरा पाहून घेतला. देवापुढे निरांजन लावलं की ते विझेपर्यंत त्या जागच्या हलत नसत. शेजारणींना ती भक्ती वाटे. मी घरातलीच, मला खरं कारण ठाऊक होतं.

शाळेत तर त्यांचंच राज्य. वर्गांची दारं आत उघडतात, गर्दी झाली तर उघडणारच नाहीत, म्हणून सुताराला बसवून त्यांनी सगळी दारं उलटी फिरवून घेतली. गाव हसलं, "बाईची शाळा उलटी!" बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. दारांपाशी वाळूच्या बादल्या आल्या आणि आगीची तालीम सुरू झाली. कधी होणार ते कुणालाच माहीत नसे. घंटा अखंड वाजू लागली की दप्तर सोडायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, धावायचं नाही, ओरडायचं नाही आणि फाटकाजवळच्या निंबाखाली जाऊन उभं राहायचं. एका सव्वीस जानेवारीला सरपंचांचं भाषण नुकतं कुठे पेटत होतं, तेवढ्यात बाईंनी घंटा धरली. पोरं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. मैदानात उरले सरपंच आणि झेंडा. ते संतापले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "आग काई पत्रिका धाडून येत नाई, सरपंच." एकदा तपासणीला आलेले साहेब घंटा ऐकून कपबशीसकट पळत सुटले. सगळ्या शाळेदेखत बाईंनी त्यांना नापास केलं.

मग ते कापसाचं वाईट वर्ष आलं. भाव पडलेला, खरेदी बंद, घराघरात कापूस आढ्याला टेकलेला, उरलेला उघड्या ओसरीत. माणसं अंगणात बाजा टाकून निजत होती. त्यात अवकाळीचं आभाळ भरून आलं. गावातली माणसं शाळेत गेली, आणि सगळ्यांच्या पुढे माझे यजमान, बाईंचा सख्खा भाऊ.

"ताई, शेवटची खोली रिकामी हाय. कापूस भिजला तं वर्ष गेलं आमचं."

"लेकरांच्या शेजारी बारूद ठिवतं म्हनतं तू?"

त्या रात्री बहीणभाऊ एका पंगतीला बसले नाहीत. पण त्याही याच गावच्या होत्या. कापूस भिजला म्हणजे काय होतं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. सकाळी त्यांनी अटी घातल्या. लगतचा वर्ग दुसरीकडे हलेल. खोलीतली वायर कापायची. कापूस दोन बाजूंना रचायचा, मधे माणूस जाईल एवढी वाट. बिडी ओढणाऱ्यानं फाटकाबाहेर. आणि ज्याचा कापूस, त्यानं तालमीला यायचं.

ती तालीम पाहायला बायकांनी शाळेच्या भिंतीला गर्दी केली. धोतरं सावरत मिशीवाले म्हातारे ओळीनं चाललेले. ज्यांनी कधी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवला नव्हता ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून! सरपंच धावले, म्हणून त्यांना पुन्हा चालायला लावलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी वावटळ उठली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खिचडीची चूल होती. तिथली ठिणगी उडाली आणि वाऱ्यानं सरकलेल्या कौलाच्या फटीतून थेट कापसात पडली. मी नदीवर धुणं धूत होते. शाळेवर धूर दिसला. माझी पोर पहिलीत. कशी धावले ते मला आठवत नाही. फाटकात पोचले तर निंबाखाली सगळी शाळा रांगेत उभी, आणि माझी लेक तक्रार करतेय, "आई, खरी आग कधी लागंल वं?"

माणसं विहिरीपासून खोलीपर्यंत साखळी धरून बादल्या देत होती. कुणी ओरडत नव्हतं. एका बाजूचा कापूस गेला. मधल्या वाटेनं दुसऱ्या बाजूची गाठोडी मात्र ओढून काढली. शाळेच्या बाकी वर्गांना झळसुद्धा लागली नाही. काळ्या तोंडानं यजमान माझ्यापाशी आले. "आपला जळाल्या बाजूले होता," म्हणाले, आणि लेकीला उचलून हसू लागले. बाई एकेका वर्गाची पोरं मोजत होत्या. सगळी भरली. त्यांनी पुन्हा मोजली. मग भर मैदानात, मातीत, त्या मटकन बसल्या.

दुसऱ्या दिवशी गावानं बाईंची बैलगाडीतून मिरवणूक काढली. डफडी, गुलाल, हार. कुणीतरी फटाक्यांची माळ आणली, तर बाई गाडीतून उतरल्या आणि ती माळ त्यांनी पाण्याच्या घंगाळात बुडवली. गाव काय हसलं! सरपंच बोलायला उभे राहिले. "आज तरी घंटा वाजवू नका बाई," म्हणाले, आणि हार बाईंच्या हातात देऊन खाली बसले. नंतर आजूबाजूच्या गावांतल्या शाळांनी आपापली दारं उलटी करून घेतली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. एकदा भाजी निवडताना मी विचारलं, "येवढा घोर काहून घेतला तुमी?" त्या म्हणाल्या, "लेकरं दुसऱ्याची असतात वं. जशी दिली तशी वापस करा लागतात."

आता त्या थकल्या आहेत. गावातली पोरं हल्ली गाडीनं नेरच्या मोठ्या शाळेत जातात. संध्याकाळी गाडी येते तेव्हा बाई आमच्या ओट्यावर बसलेल्या असतात. त्या पोरांतलं त्यांना कुणी ओळखत नाही. पोरं उतरतात, पांगतात. शेवटचं लेकरू आपल्या घरात शिरलं की बाई हळूच उठतात, पदर झटकतात आणि आत मला हाक देतात, "चाल वं, चहा मांड."