पाचवं लिंबू

शिरगावच्या मंदिराबाहेर नव्या गाडीच्या पूजेसाठी एका आजोबांनी हारवालीकडे पाच लिंबं मागितली. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात कोरी किल्ली.

"आबा, चाकं चारच की!" हारवाली हसली.

"आन् स्टेपनीला काय उपाशी ठेवू?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "या नव्या मॉडेलला स्टेपनी देत नाहीत हो. नुसता हवेचा पंप देतात."

"ठावं हाय. तिसरी गाडी हाय ही त्याच कंपनीची. सीटा लय झ्याक केल्यात, पन वरची धरायची मूठबी काढली. घाटात आमची मंडळी माझंच मनगट धरत्यात." तक्रार करताना ते चक्क लाजले.

मग डिकी उघडली. आत सुतळीनं बांधलेली जुनी स्टेपनी होती. तिला हळदकुंकू लावून पाचवं लिंबू त्यांनी अलगद वर ठेवलं.

"जुनी गाडी जावयाला दिली. ही तेवढी ठिवून घेतली."

"या नव्या गाडीला बसते?"

"न्हाई. भोकं येगळी. पन डिकी मोकळी असली की मला गाडी चालवाया धीर हुत न्हाई."

"आणि जावयाची गाडी पंक्चर झाली तर?"

"त्याला पंप दिलाय की कंपनीचा!"

चार लिंबं चिरडत ते मजेत लोणावळ्याच्या दिशेनं निघाले.